दिवाळ्याच्या नाखव्याचं राहून गेलेलं मरण

एक म्हातारा मरायला तयार आहे आणि त्याची बायको त्याला मरू देत नाही, असल्या कामासाठी मी याआधी कधी प्रवास केला नव्हता. आमच्या विट्याकडची माणसं नवी मुंबईला जातात ती नोकरीला, नाहीतर मुलाच्या फ्लॅटची वास्तुशांत करायला. मी गेले मामामुळे. मामाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची कामं काही संपत नाहीत.

मामा कादंबरीकार होता. आमच्या दुष्काळी मुलखावर त्याने एक कादंबरी लिहिली. तिचं नाव इथे देत नाही. ज्यांनी वाचली त्यांना ती विसरता येत नाही, आणि ज्यांनी वाचली नाही ते सुखात आहेत. तीत पाऊस पडत नाही, बैल मरतो, विहीर आटते, आणि शेवटी नुकतंच लग्न झालेला नायक बांधावर साप चावून जातो. मामा स्वभावाने आनंदी होता, पण लिहायला बसला की कुणाला जिवंत सोडायचा नाही. पुढे या कादंबरीवर मालिकाही झाली. तिच्यातल्या बायका पैठणी नेसून भांगलायला जायच्या. पण त्याच्या खूप आधी, पन्नासेक वर्षांपूर्वी, तिच्यावर एक सिनेमा निघाला होता आणि अर्ध्यात बंद पडला. का बंद पडला, असं विचारलं की मामा म्हणायचा, "लोक अडाणी होते." यापलीकडे तो काही बोलत नसे.

मामाच्या मुलाला, अविनाशला, त्या सिनेमाची काही रिळं मध्यंतरी कुणाच्या तरी माळ्यावर मिळाली. त्याने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पुण्यात बसल्याबसल्या ठरवलं, की वडिलांचा हा सिनेमा आता पुरा करायचा. बाकीचं सगळं हल्ली कॉम्प्युटर करतो म्हणे. नायकाचं मरण तेवढं राहिलं होतं, आणि ते खरंखुरं हवं होतं. नायक झालेला माणूस अजून हयात होता, बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे गावात राहत होता. अविनाशने त्याला फोन लावला तर पलीकडून लगेच उत्तर आलं, "या. कवापन या. मी मरतो."

"तू जा आणि तो पडेल तसा मोबाईलवर घे," अविनाश मला म्हणाला. "तोंड आम्ही नंतर तरुण करून घेऊ." तो स्वतः येऊ शकत नव्हता, कारण त्याचा गुडघा दुखत होता. कामाच्या वेळी त्याचा गुडघा नेहमीच दुखतो.

खांदेश्वर

बसच्या प्रवासाचं वर्णन करत नाही, तिच्यात वर्णन करण्यासारखं काही नव्हतं. उतरले ती खांदेश्वरला, सुनंदाकडे. सुनंदा माझी शाळेतली मैत्रीण. तिच्या बिल्डिंगला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे आणि पाणी टँकरचं आहे. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. सुनंदाने आधी वायफायचा पासवर्ड सांगितला. मग मात्र झणझणीत मटण वाढलं आणि माझा राग गेला.

जेवून आम्ही तिच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर अविनाशने पाठवलेला सिनेमा लावला. काळापांढरा, आणि मुका. आवाजाची पट्टी कुठे गेली कोण जाणे. पहिलाच देखावा भेगाळलेल्या जमिनीचा होता. नायक उघड्या अंगाने उभा राहून कपाळावरचा घाम पुसतो, वर बघतो, आभाळ कोरडं ठाक. आणि त्याच्या पाठीमागून अगदी सावकाश एक शीड जातं.

"अगं, तुमच्याकडे शेतात होड्या चालायच्या?" सुनंदाने विचारलं.

दुष्काळाचा सिनेमा दिग्दर्शकाने खाडीकाठी काढला होता. मुंबईतून सगळ्यांना रोज आमच्या मुलखात न्यायचं म्हणजे परवडलं नसणार. त्या काळी इथे भातशेती आणि मिठागरं होती. सुकलेलं मिठागर लांबून आमच्या रानासारखं दिसतं खरं, फक्त नारळ आणि होड्या लपवाव्या लागतात. त्यातले निम्मे लपले नव्हते. त्यानंतर म्हशी आल्या. बराच वेळ नुसत्या म्हशीच होत्या. त्यांचं काम चांगलं झालं होतं.

शेवटी लग्न आलं. मामाच्या कादंबरीत भटजी आहेत, अंतरपाट आहे, मंगलाष्टका आहेत. इथे त्यातलं काहीच नव्हतं. मांडवात एक धिप्पाड बाई बसून गात होती. आवाज नसूनही ती मोठ्याने गातेय हे कळत होतं. नवरी एक लहानखुरी पोरगी, हळदीने इतकी माखलेली की नाक तेवढं दिसावं. नवरा सगळा वेळ कॅमेऱ्याकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे.

"ही ॲक्टिंग करत नाहीये," सुनंदा म्हणाली. मीही तेच म्हणणार होते.

करावे

सीवूड्स स्टेशनबाहेर मला न्यायला प्राची आली. ही त्या नायकाची नात. बेलापूरला एका विमा कंपनीत नोकरी करते, स्कूटी भन्नाट चालवते आणि चालवताना मागे वळून बोलते.

"आजोबांनी हफ्ताभर दाढी नाय केली. बोलतात, रोल आहे," ती म्हणाली. "पण आजीला अजून सांगितलं नाय हां, तुमी कशाला आलाय ते. तिला फक्त मुलाखत बोला. टेन्शन नका घेऊ."

तोपर्यंत मी टेन्शन घेतलं नव्हतं.

जिथे लग्नाचं शूटिंग झालं ती जागा आधी दाखव, असं मी तिला सांगितलं होतं. ती करावे गावाला लागून आहे, प्राचीच्या आजीच्या माहेरची शेतजमीन. आता तिथे उंच टॉवरांची सोसायटी आहे. फाटकावर वॉचमनने हात आडवा केला.

"किसके यहाँ जाना है?"

"जाना किधर नहीं है, फक्त देखना है," प्राची म्हणाली. "मेरी दादी की शादी हुई है इधर."

"कौन से फ्लॅट में?"

"फ्लॅट नहीं था. खेत था."

त्याने थोडा विचार केला. "तो ओटीपी कौन देगा?"

प्राचीने स्कूटी बाजूला लावली. फाटकाच्या गजांतून आत पाहिलं. लहान मुलांची एक पिवळी घसरगुंडी होती आणि तिच्यावर कुणीतरी पायपुसणं वाळत घातलं होतं. मामाच्या नायकाचा मांडव साधारण तिथेच असावा. मी वॉचमनचा फोटो काढला, तर तो लगेच ताठ उभा राहिला.

परत निघताना मी प्राचीला म्हटलं, "आजीचं लग्न इथे झालं म्हणालीस. ते सिनेमातलं ना?"

"तेच," ती म्हणाली. "दुसरं कुठं झालंय?"

मला वाटलं, वाऱ्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही. गावात शिरलो. करावे गावात घरांमधून स्कूटी जाते म्हणजे जवळजवळ लोकांच्या स्वयंपाकघरातूनच जाते. एका खिडकीतून मी कालवणाला फोडणी पडताना पाहिली आणि फोडणी देणाऱ्या बाईने माझ्याकडे बघून मान हलवली. विट्यात अशी ओळख व्हायला दोन पिढ्या लागतात.

दिवाळे

दिवाळे डोळ्यांच्या आधी नाकाला भेटतं. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, होड्या कडेला लागल्या होत्या, आणि ओळीने बसलेल्या बायका गिऱ्हाइकाशी भांडल्याच्या आवाजात भाव सांगत होत्या. त्यांच्यातच प्राचीची आजी, हिरामावशी, बसली होती, पुढ्यात कोलंबी आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. पंचाहत्तरीची असावी. सिनेमातलं नाक मी लगेच ओळखलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घाटावरची ना गो तू? मच्छी खाता येते का?"

"येते की," मी म्हटलं. हे खोटं होतं.

घरी जेवायला तांदळाची भाकरी होती, पातळ आणि पांढरीशुभ्र. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापायला लागलं की शेजारच्या घरी कळतं. मावशीचे हात नुसते फिरत होते. कालवण फार चांगलं होतं आणि तिसऱ्या घासाला काटा माझ्या घशात गेला. मावशीने काही न विचारता कोरड्या भाताचा गोळा माझ्या तोंडात कोंबला, पाठीवर एक रपाटा मारला आणि म्हणाली, "सांगायचं ना, येत नाय म्हनून."

एवढ्यात नाखवा आले. होडीच्या मालकाला इथे नाखवा म्हणतात, आणि बोलताना ‘ड’चा ‘र’ आणि ‘ळ’चा ‘ल’ करतात. धर्मा नाखव्यांनी होडी कधीच मुलाकडे दिली आहे, पण नाव त्यांच्याकडेच राहिलं आहे. सिनेमातलं अंग आता सैल पडलं होतं, पण चालणं नायकाचंच होतं. ते माझ्यासमोर बसले आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "मी डावीकडं परू का उजवीकडं?"

प्राचीने डोळे मिटले.

"कुटं परतोस?" मावशीने विचारलं.

मग सगळं सांगावंच लागलं. मी अविनाशचा गुडघा, कॉम्प्युटर, मामाची इच्छा असं सगळं सांगितलं. मावशीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"तवा मरू दिला नाय," ती म्हणाली, "आन आता मरू देऊ? आता, या वयाला?"

सिनेमा कसा बंद पडला ते मला तेव्हा कळलं. मामाने जे कधी सांगितलं नाही, ते मावशीने चिंबोरी फोडता फोडता सांगून टाकलं. नायिकेचं काम करायला आलेली नटी खाडीचा चिखल बघून त्याच पावली परत गेली. युनिटला पाणी आणून देणारी हिरा समोर होती, तिला म्हणाले, तू नुसती बस, हळदीत तोंड कोण बघतंय. भटजीने खोटं लग्न लावायला नकार दिला. तेव्हा कुणीतरी सुचवलं, की इथली लग्नं धवलारीन लावते, तिलाच बसवा.

धवलारीन म्हणजे धवळे गाणारी बाई. या आगरी-कोळ्यांच्या गावांत तिच्या गाण्यानेच लग्न लागायचं. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, देव बोलावून आणते तीच आणि नवरा-नवरी एकमेकांची झाली असं ठरतं तेही तिच्याच तोंडून. दिग्दर्शकाला वाटलं, ही गाणारी बाई आहे, चार ओळी गाईल आणि जाईल. ती होती हिराची सख्खी आत्या.

"आत्या बोल्ली, गाईन त पुरं गाईन. अर्द्यावर द्याव ताटकलत ठेवायचे नाय," मावशी म्हणाली. "मंग गायली. तिकरं रील संपलं. डायरेक्टर बोल्ला, बस, जालं. आत्या बोल्ली, तुजं जालं असंल, माजं नाय जालं."

दिग्दर्शक आणि त्याची माणसं मांडवाबाहेर विड्या ओढत बसली, आणि आत लग्न लागलं. करावे गावची आगऱ्याची पोरगी आणि दिवाळ्याचा कोळ्याचा पोर. एरवी दोन्ही घरांनी एकमेकांकडे स्थळ म्हणून पाहिलंही नसतं. पण धवलारीन गायली होती. तिचं गाणं परत घेता येत नाही.

"आन दुसऱ्या दिशी तो डायरेक्टर बोलतो, आता यो मरल, तू चुरा फोर," मावशी म्हणाली. "माजी हलद वली हाय, आन मी बांगऱ्या फोरू?"

त्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. दिग्दर्शकाने समजावलं, हे खोटं आहे. त्यावर आत्याने विचारलं, मग काल काय होतं? युनिटने गाशा गुंडाळला. नंतर कुणी परत फिरकलं नाही.

मला आनंद झाला, हे इथे कबूल करून टाकते. मामाने एवढी माणसं मारली, वाचकांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. आणि इथे बायकांनी कमरेवर हात ठेवून त्याच्या नायकाला बांधावरून परत आणलं होतं.

"अगो, पन माजा सीन गेला ना!" नाखवा उसळले. "मना घेतलाच कशाला होता? माजा दम बगून. जालं अरकलं की पान्याखाली जाऊन सोरवायचो, वर यायचो नाय लवकर. डायरेक्टर बोल्ला, याच्यासारका मुरदा कोन करनार नाय. सगल्या पिच्चरमदी म्हशीच्या मागं फिरलो, ॲक्टिंग करायची ती मरताना. आन तवाच बंद!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरा मरायच्या आदी एकदा खोटा मरू दे ना."

"नाय," मावशी म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली.

मी खांदेश्वरला परतले, सामान भरायच्या तयारीनेच. सकाळी प्राचीचा फोन आला. नाखव्यांनी रात्री कालवणाला हात लावला नव्हता. सुक्या भाकरीबरोबर चहा प्यायले म्हणे. कोळ्याच्या घरात हे फार झालं. मावशीने पहाटे उठून सांगितलं होतं, "मर एकदाचा. पन मी तितंच उबी ऱ्हानार. आन परला की लगेच उटायचं. उटलेला पन त्याच फोटूत आला पायजे."

भरती ओसरलेली होती. होड्यांच्या पलीकडे एक जुना बांध शिल्लक आहे, तिथे जाताना माझी डावी चप्पल चिखलाने घेतली ती घेतलीच. साप म्हणून जाळ्याचा एक दोर ठेवला. मावशी विकायचं सोडून आली होती, तिच्यामागोमाग इतर बायकाही. मी मोबाईल स्टँडवर लावला आणि "करा" म्हटलं.

नाखवा मेले ते बघण्यासारखं होतं. आधी पाय झटकला. मग दोराकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आमच्या कोरडवाहू मुलखातल्या नायकाने कोळ्यांच्या एकवीरा आईला हात जोडले. गुडघ्यावर आले, एक हात उंच गेला, बराच वेळ तो उंचच राहिला, आणि मग ते बांधावरून खाली चिखलात आडवे झाले. बायका हसत होत्या. मलाही हसू येत होतं.

"जालं. ऊट," मावशी म्हणाली.

नाखवा हलले नाहीत.

"ऊट रं."

एक चिंबोरी बिळातून बाहेर आली, त्यांच्या हातावरून चालत गेली. हात तसाच. मी पडद्यावर बघत होते, छाती हलतेय का ते शोधत होते, ती हलत नव्हती. बायकांचं हसू एकेक करून थांबलं. "आजोबा?" प्राची म्हणाली. माझ्या मनात एवढंच आलं, की अविनाशच्या गुडघ्यापायी मी एका माणसाला मारलं.

मावशी लुगड्यासकट चिखलात उतरली. दोनदा पाय रुतला, हाताने ओढून काढला. त्यांच्याजवळ पोचली, खांदे धरून हलवले आणि ओरडली, "धर्मा!"

प्राचीने नंतर मला सांगितलं, की आजीच्या तोंडून आजोबांचं नाव तिने जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

नाखव्यांनी एक डोळा उघडला. "कट कोनी बोल्लाच नाय," ते म्हणाले.

मावशीने त्यांना एक सणसणीत ठेवून दिली. मग तिने जे शब्द वापरले ते छापता येणार नाहीत. त्यातले निम्मे मला कळलेही नाहीत. नाखवा चिखलात बसून खो खो हसत होते. ती बोलत होती, रडत होती, आणि तिचा हात मात्र त्यांच्या छातीवर होता. सगळं बोलून झालं तरी तो तिथेच राहिला.

पाय धुऊन झाल्यावर नाखवा होडीच्या काठावर बसले आणि माझ्या मोबाईलवर स्वतःचं मरण बघू लागले. "यो बग, पाय कसा झारला! हात बग!" मरण फारच छान आलं होतं. मग पडद्यावर मावशीची पहिली हाक आली, दुसरी आली, आणि मग चिखलात उतरणारी तिची पाठ आली. शेवटची हाक ऐकून त्यांनी मोबाईल प्राचीकडे दिला. मावशी पलीकडे नळावर अजून हात धूत होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"मेलो तेवरं काप," नाखवा म्हणाले. "उटलो तितून ठेव."

"आजोबा, अहो, त्याच्यासाठी तर तुमी इतकी वर्षं..."

"तुमी बगितला ना?" त्यांनी मला विचारलं. "बरा मेलो ना?"

"फार चांगले मेलात," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

"बस मंग. काप गो पोरी."

प्राचीने कापलं. मी तिला थांबवलं नाही.

विटा

निघताना मावशीने सोडे बांधून दिले. सुकवलेल्या सोललेल्या कोलंबीला सोडे म्हणतात, हे बसमधल्या सगळ्यांना कळलं. घाट चढेपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, मी पाय पसरून आले. पायात प्राचीच्या चपला होत्या, त्या मला एक माप मोठ्या.

घरी आल्यावर अविनाशला चित्रण पाठवलं आणि सोडे भिजत घातले. थोड्याच वेळात त्याचा फोन आला.

"सुले, यात एक म्हातारा चिखलातून उठतोय, हसतोय, आणि एक बाई त्याला शिव्या घालतेय. तो मरतो कुठे?"

"मरत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? बाबांनी शेवट काय लिहिलाय, तुला माहितेय ना? मग झालं काय?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "लोक अजून तितकेच अडाणी आहेत."